आमच्या गल्लीतला शरद



दिवाळीच्या गडबडीत बरेच दिवस काही लिहिणे झाले नाही. आता फराळाचे डबे तळाला आले, पाहुणे आपापल्या गावी पोचले, तेव्हा आज निवांत बसले आहे. मागे मी गुडघेदुखीबद्दल लिहिले होते, ते वाचून नागपूरच्या वन्संनी फोन करून चौकशी केली. वन्सं, गुडघा बरा आहे. चढ आला की कुरकुरतो, सपाटीला गप्प असतो. माणसांसारखेच झाले त्याचे!

आज लिहायचे आहे ते सकाळच्या फिरण्याबद्दल, आणि आमच्या कॉपऱ्यावरच्या एका झाडाबद्दल. त्या झाडावरून यंदा कॉलनीत महिनाभर रामायण झाले. पण सुरुवात लेकीच्या फोनपासून करते.

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीहून लेकीचा फोन येतो. "आई, इकडे फॉल कलर्स काय सुंदर दिसताहेत! तू यायला हवं होतंस. तिथं ऑक्टोबरमध्ये आहे काय? ऊन आणि धूळ." यंदाही आला. मी नेहमीसारखे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून फोन ठेवला. पण या वेळी ते वाक्य मनातून जाईना. तिथं आहे काय? ही मुलगी साताऱ्यात जन्मली, बावीस वर्षे या गल्लीत वाढली. सहावीत तर माझ्याच वर्गात होती. तिला जर इथला आश्विन-कार्तिक म्हणजे नुसती धूळ वाटत असेल, तर चूक कोणाची? आई म्हणूनही माझी आणि बाई म्हणूनही माझीच.

तिथला 'फॉल' मी पाहिला आहे बरं का. २०११ साली आम्ही दोघे तीन महिने तिच्याकडे होतो. जावयांनी एका शनिवारी पहाटे गाडी काढली आणि चार तास उत्तरेला, व्हरमाँटपर्यंत नेले. डोंगरच्या डोंगर लाल, केशरी, पिवळे. खोटे कशाला सांगू, डोळे भरून आले. पानांतला हिरवा रंग ओसरला की आत आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो, आणि लाल रंग मात्र काही झाडे त्या दिवसांत नव्याने तयार करतात, ही माहिती नातीने दिली. ती तेव्हा तिसरीत होती. तिच्या शाळेने मुलांना बागेत नेऊन पाने गोळा करून आणायला सांगितले होते.

त्याच महिन्याच्या शेवटी, २९ ऑक्टोबरला, तिथे अवेळी बर्फ पडला. झाडांवर पाने अजून होती. ओल्या बर्फाचे ओझे पानांवर साचले आणि फांद्या काडकाड मोडून विजेच्या तारांवर पडल्या. लेकीकडची वीज पुढे चार दिवस नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात बसून मी विचार केला, अच्छा, म्हणून ही झाडे बर्फाच्या आधी पाने टाकून मोकळी होतात! पानगळ ही त्यांची थंडीची तयारी. ती शोभेसाठी नाही, जगण्यासाठी आहे.

आता यातली गंमत सांगते. इंग्रजीतला 'ऑटम' आपण मराठीत आणताना शरद म्हणतो. महिने साधारण जुळतात, म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या शब्दाबरोबर त्यांची पानगळही आपण उचलून आणली. मुलांच्या भाषांतरित गोष्टींत, तक्त्यांवर, भिंतीवरच्या चित्रांत शरद ऋतू म्हणजे झडलेले झाड आणि खाली पिवळ्या पानांचा ढीग. आपल्याकडे शरदात पाने गळतात कुठे? आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि ती थंडीमुळे नाही, जमिनीतले पाणी कमी होते म्हणून. सावर, पळस, पांगारा तेव्हा उघडे होतात. शरदात तर झाडे सर्वांत भरलेली असतात. चार महिने पाणी पिऊन तुकतुकीत झालेली. म्हणजे पुस्तकातला शरद आपल्या अंगणात कधी येतच नाही, आणि अंगणातल्या शरदाला पुस्तकात जागा नाही. मग तो दिसणार कोणाला?

यात माझाही हात आहे. बत्तीस वर्षे शाळेत शिकवले. ऋतू तीन, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. उपऋतू सहा. त्यांचे दोन-दोन महिने. मुले घडाघडा म्हणत. आश्विन-कार्तिक शरद, एक गुण. एकदाही वर्ग घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर गेले नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा असे, साठ मुले असत, रस्त्यावर वाहने असत. कारणे खरी होती, पण कारणेच ती.

एक उत्तरपत्रिका अजून आठवते. चाळीस वर्षे तरी झाली असतील. 'शरद ऋतू केव्हा येतो?' असा एका गुणाचा प्रश्न होता. जवळच्या खेड्यातून चालत येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, "आमच्यात शेंगा उपटायला लागतात आणि सकाळी गवतातून गेल्यावर परकर भिजतो तेव्हा." मी त्यावर लाल फुली मारली आणि शून्य दिले. बाजूला शुद्ध अक्षरात लिहिले, आश्विन-कार्तिक. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते. सगळ्या वर्गात शरद ऋतू पाहिलेली ती एकटीच होती, आणि नापास तिला केले मी.

असो. आता फिरण्याचे.

आमचे 'हे' आणि मी सकाळी सव्वासहाला बरोबर बाहेर पडतो. फाटकापर्यंत आमचे सहजीवन. यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, आणि जावयांनी मनगटाला एक घड्याळ बांधून दिले आहे ते पावले मोजते. रोज आठ हजार. मग हे मान खाली घालून, हात हलवत जे सुटतात ते घरी येऊनच थांबतात. येताना काय पाहिलेत विचारले तर सांगतात, "सात हजार नऊशे." मग उरलेली शंभर पावले स्वयंपाकघरात माझ्या पायांत पायांत करून पुरी करतात! थट्टा सोडा, त्यांचे चालणे औषध आहे आणि औषध मोजूनच घ्यावे लागते. पण ज्यांना औषध म्हणून चालायचे नाही तेही हल्ली मोजूनच चालतात, याचे मला नवल वाटते.

मी हळू चालते. गुडघ्यामुळे दुसरा इलाजच नाही. आणि हळू चालल्यामुळे जे दिसायला लागले ते धडधाकट असताना कधी दिसले नव्हते. गल्लीतून बाहेर, मोकळ्या प्लॉटवरून, पुढे किल्ल्याच्या रस्त्याला. अजिंक्यताऱ्यावर तरणी मंडळी वरपर्यंत पळत जातात. माझी धाव चार भिंतीच्या हुतात्मा स्मारकापर्यंत. तिथे टेकायचे, पाणी प्यायचे, परत फिरायचे. रस्ता रोज तोच. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? अहो, रस्ता तोच आहे म्हणून तर काल आणि आजमधला फरक कळतो. रोज नवीन ठिकाणी गेले तर सगळेच नवीन, मग बदलले काय ते कसे समजणार?

यंदाची माझी हजेरीपत्रकातली नोंद ऐका.

पाऊस परत फिरायच्या सुमारास, घटस्थापनेच्या आगेमागे, चतुर आले. प्लॉटवरच्या गवतावर डोक्याइतक्या उंचीवर शेकड्यांनी भिरभिरत होते. बांधावरचा तेरडा संपत आला होता आणि सोनकी ऐन भरात होती. किल्ल्याचा उतार पिवळा. हस्ताचा पाऊस जाताना दोन वेळा गडगडून गेला. शेंगा विकायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, हत्तीनं जाता जाता सोंड हलवलीच की वो." त्यांचे सोयाबीन काढून शेतात पडले होते, ते भिजले. आमच्या फिरण्याला शोभा आणणारा पाऊस त्यांच्या घरात पैशाचा हिशेब होऊन शिरतो, हेही लिहिले पाहिजे. नाहीतर निसर्गवर्णन फार स्वस्त होते.

मग आकाश धुतल्यासारखे झाले आणि ऊन तापले. वर्तमानपत्रात 'ऑक्टोबर हीट' सुरू झाली. ढग गेलेले, जमीन ओली, वरून सरळ ऊन, त्यामुळे घामाने जीव नकोसा होतो, हे खरेच. वैद्यांना शरद ऋतू आईसारखा, असे जुने लोक म्हणत ते उगीच नाही. पित्त, ताप, डोकेदुखी, सगळे याच दिवसांत. पण ढग नाहीत म्हणूनच रात्री जमिनीची ऊब निघून जाते, पहाट गार होते आणि दव पडते. दुपारचा ताप आणि पहाटेचे दव एकाच निरभ्र आकाशाची दोन लेकरे आहेत. आपण दुपारच्या लेकराला तेवढे नाव दिले, तेही इंग्रजी. पहाटेच्या लेकराला कोणी विचारत नाही, कारण त्या वेळी आपण झोपलेले असतो.

कोजागिरीनंतर देवळातून काकडआरतीचे टाळ ऐकू येऊ लागले. शेजारच्या कुंपणातल्या पारिजातकाचा सडा निम्मा त्यांच्या अंगणात, निम्मा रस्त्यावर. मी रस्त्यावरचाच ओंजळभर उचलते, तेव्हा कोणी चोर म्हणायला नको! गवताच्या शेंड्यांचा रंग उतरायला लागला. कोळ्यांची जाळी दवाने ओथंबून कुंपणाला टांगलेली दिसू लागली, एरवी तिथे काही आहे हेच कळत नाही. एके सकाळी आमच्या पाण्याच्या टाकीवर परीट दिसला, शेपूट वरखाली करत. हा पाहुणा उत्तरेकडून, हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो. लेकीसारखी तिकिटे काढत नाही, बॅगांचे वजन करत नाही, पण दर वर्षी येतो. चार भिंतीपाशी बसले की पूर्वेला जरंडेश्वर, पश्चिमेला यवतेश्वर, आणि माहुलीच्या बाजूला नदीवर पांढरे धुके. दिवाळीच्या आधी आठवडाभर पोरांनी प्लॉटवरची माती उकरून किल्ले केले, त्यावर मोहरी आणि अळीव पेरले. आणि आता, कार्तिकात, गवत पुरते वाळले आहे. घरी आले की साडीच्या काठाला लागलेली कुसळे वेचत बसावे लागते. हे म्हणतात, "निम्मा माळ घरी आणलास." आणला तर आणला.

यातले काहीही बघायला मला गाडी करावी लागली नाही.

कास पठाराबद्दल माझे काही वाईट मत नाही. इथून पंचवीसएक किलोमीटर, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले, अभिमान आहे. सप्टेंबर आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक येतात, मी पोळ्या-भाजी बांधून देते, ते घाटात गाड्यांच्या रांगेत दोन तास बसतात, कुंपणापाशी फोटो काढतात आणि रात्रीच्या आत परत. जाताना पेढे घेतात. पण मंडळी, ज्या सोनकीसाठी तुम्ही रांग लावलीत ती आमच्या मागच्या माळावरही असते. तिथे तिकीट नाही म्हणून तुम्ही तिच्यावर गाडी लावता! (पुतण्या, तुला उद्देशून आहे. राग मानू नकोस.)

आता झाडाचे.

आमच्या कॉपऱ्यावर, कॉलनीत वळतो तिथे, सातविणीचे झाड आहे. सप्तपर्णी म्हणतात ते. एकाच जागेवरून छत्रीच्या काड्यांसारखी पाने फुटतात. पंचवीसएक वर्षांपूर्वी रस्ता झाला तेव्हा लावलेले. आश्विनात त्याला हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात आणि तिन्हीसांजेला असा वास सुटतो की कॉपऱ्यावरून वळण्याआधीच घर आल्याचे कळते. मला तो वास आवडतो. पुष्कळांना आवडत नाही. उग्र वाटतो, डोके चढते. यात कोणी खोटे बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या कॉपऱ्यावरच्या घरात एक नवीन कुटुंब आले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आहे, त्याला दम्याचा त्रास. यंदा दसऱ्याच्या सुमारास त्याला दोनदा रात्री दवाखान्यात न्यावे लागले. त्याच्या वडिलांनी झाड तोडायची परवानगी मागणारा अर्ज तयार केला आणि सह्या घेत घरोघर आले. शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे, त्यामुळे अर्ज हवाच. माझ्याकडे कागद आला तेव्हा त्यावर बावीस सह्या होत्या. चौथी सही आमच्या यांची!

"अहो, तुम्ही सही केलीत?"

"फिरायला निघालो होतो, त्याने पुढे केला, केली. पोराला त्रास होतो म्हणाला."

"झाड कोणतं ते तरी माहीत आहे का?"

"कोणतं?"

रोज दोन वेळा त्या झाडाखालून हे जातात. पंचवीस वर्षे. मी चिडले, पण मग शांतपणे विचार केला. हे वाईट माणूस नाहीत. सह्या करणारे बावीसही वाईट नाहीत. त्यांच्या लेखी तिथे एक झाड आहे आणि त्याचा वास येतो, एवढेच. जे आपण कधी पाहिलेच नाही, ते तोडायला सही करताना हात अडखळणार कसा?

मी सही केली नाही, पण नकारही दिला नाही. "बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी तरी..." असे मुलाचे वडील म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. ज्याने रात्री दोन वाजता आपले मूल श्वासासाठी धडपडताना पाहिले आहे त्याला मी पारिजातक आणि परीट सांगणार का? मूल आणि झाड यांत निवड करायची असेल तर माझे उत्तर मूल. यात मला शंका नाही. पण निवड खरेच तीच आहे का, हे आधी पाहायला नको?

मी चार दिवस नेहमीचे फिरणे केले, फक्त डोळ्यांबरोबर नाकही उघडे ठेवून. मग काय काय सापडले सांगते. पहाटे मोकळ्या प्लॉटवर कचरा जळत असतो, प्लास्टिकसकट. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच बंदी घातली आहे, पण काडी लावणाऱ्याला ते कोण सांगणार? त्यातला एक ढीग तर आमच्याच घरच्या झाडलोटीचा निघाला. आमच्या कामवाल्या बाई तिथे नेऊन टाकतात आणि दुसरे कोणी पेटवते. मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. रस्त्याच्या कडेला पाइपासाठी खणलेला चर, त्याची धूळ. तीन घरांत दिवाळीचे रंगकाम. घरोघर माळे झाडणे चाललेले. आणि पाठोपाठ फटाके. हे सगळे त्याच चार आठवड्यांत, ज्यांत सातवीण फुलते. आरोपी सहा, पण पकडले एकालाच, कारण ते जागचे हलत नाही.

मी मुलाच्या आईकडे गेले. सोबत फराळाचा डबा. बोलता बोलता कळले, मुलाला फेब्रुवारीतही असाच त्रास झाला होता. तेव्हा सातविणीला फूल नसते. डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली होती, ती राहून गेली होती. त्यांनी झाडाचे नाव घेतलेच नव्हते, ते शेजाऱ्यांनी घेतले होते. ती मुलगी (मला मुलगीच वाटते ती) म्हणाली, "बाई, काहीतरी केलं असं तरी वाटावं म्हणून आम्ही अर्ज केला हो." हे वाक्य मी विसरणार नाही.

नंतरच्या रविवारी कॉलनीची बैठक झाली. मी बोलले. वर्गात बोलायची सवय आहे, त्यामुळे थोडी लांबले. सातविणीचे शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस आहे हे सांगितले. 'स्कोलॅरिस' म्हणजे शाळेचे, शिकणाऱ्यांचे, कारण पूर्वी तिच्या लाकडाच्या पाट्या करत. शांतिनिकेतनला विश्वभारतीत पदवी देताना पूर्वी याच झाडाची पाने देत. तिची साल औषधात जाते, तापावर द्यायचे. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ते सगळं छान आहे, पण तुम्ही सकाळी दहा मिनिटं तिथून जाता. आमची बेडरूम त्या बाजूला आहे. आम्ही रात्रभर सोसतो." बरोबर होते त्यांचे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, तसे मी कबूलही केले.

शेवटी ठरले ते असे. अर्ज सध्या द्यायचा नाही. गॅलरीला टेकलेल्या फांद्या रीतसर परवानगीने छाटून घ्यायच्या. प्लॉटवरचे जाळणे आजपासून बंद, पालापाचोळ्याचा खड्डा करायचा. मुलाची तपासणी करायची. आणि पुढच्या आश्विनात फूल कधी आले, त्रास कधी झाला, याची तारखेवार वही ठेवायची. वही माझ्याकडे! तपासणीत झाडच दोषी ठरले तर मी स्वतः सही करीन, आणि त्या सहीच्या आधी दुसरे, त्रास न देणारे झाड लावीन. बावीसातल्या पाच जणांना हे पटले नाही. त्यांतले दोघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आमच्या यांनी मात्र सगळ्यांसमोर आपली सही मागे घेतली. घरी येताना झाडाखाली थांबून वर पाहिले आणि म्हणाले, "बरंच उंच झालंय की गं."

माझे म्हणणे एवढेच आहे. घराजवळच्या ऋतूत रमणे हा म्हाताऱ्या माणसांचा वेळ घालवण्याचा उद्योग आहे असे समजू नका. आपण रोजच्या रस्त्यावरचे पाहत नाही, तेव्हा ते आपल्या सहीने जाते आणि आपल्याला कळतही नाही. प्रदर्शनात ठेवलेला निसर्ग कुंपण घालून राखता येतो. गल्लीतला निसर्ग राखायला कुंपण नसते, तिथे फक्त ओळख असते. आपल्या पूर्वजांनी आयुष्य मोजताना शंभर शरद जगा असा आशीर्वाद दिला. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिले ते महिन्या-महिन्याकडे पाहत. मी पंच्याहत्तरीच्या घरात आहे, म्हणजे सत्तरच्या वर शरद येऊन गेले. खरोखर पाहिले असतील ते सहा-सात. आता हिशेब पावलांचा ठेवायचा की शरदांचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

गेल्या आठवड्यात, फुले गळून गेल्यावर, तो मुलगा आईला घेऊन माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत आला. मी त्याला म्हटले, "हे सप्तपर्णी. याला प्रत्येक ठिकाणी सात पानं असतात." त्याने खालच्या फांदीवरची पाने मोजली. एकीकडे सहा निघाली. दुसरीकडे पाच. तिसरीकडे सात. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आजी, सगळीकडे सात नाहीत." मी म्हटले, "बरोबर. पुस्तकात सात आहेत, झाडावर किती ते तूच सांग." त्याला पूर्ण गुण दिले. त्या जुन्या मुलीचा एक गुणही माझ्याकडे बाकी आहे, पण ती आता कुठे असेल कोण जाणे.

लेकीला हल्ली मी दर फोनला इथली एकच गोष्ट सांगते. आज परीट आला. आज कुसळे लागली. पहिल्यांदा ती हसली. परवा मात्र आपणहून विचारले, "आई, मागच्या माळावर सोनकी अजून येते का गं? मी आणि शेजारची पोरं वेण्या करायचो तिच्या." येते म्हटले. माळ निम्मा उरला आहे, पण येते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वर्षी साताऱ्याला याल तर एक दिवस जास्त राहा. कासला जरूर जा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला माझ्याबरोबर निघा, घड्याळ घरी ठेवून. आणि तोवर तुमच्या गल्लीच्या कॉपऱ्यावर कोणते झाड आहे, तेवढे पाहून मला कळवा.